पाणंदीतलं वळण

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्री जेवणं उरकल्यावर पुतण्याने माझ्यापुढे मोबाइल धरला. "फुप्पी, ये देख." गोव्याच्या जंगलात धो धो पाऊस चालला होता आणि मांडीएवढ्या चिखलातून एक जीप चढण चढत होती. चाकं कमरेइतकी उंच, पुढे तारेचा दोर गुंडाळलेलं यंत्र, आत हेल्मेट घातलेली दोन माणसं. ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ नावाची ही स्पर्धा मूळ मलेशियातली. गोव्यात ती २०१४ मध्ये सुरू झाली. लोक लाखो रुपये घालून गाड्या तयार करतात, प्रवेशासाठी पैसे भरतात आणि मुद्दाम जिथे रस्ता नाही तिथे जातात.

"आपण फुकट करतो ते हे लोक पैसे देऊन करतात," पुतण्या म्हणाला.

भाईजान पलीकडे सुपारी कातरत बसले होते. त्यांनी चष्मा वर करून मिनिटभर बघितलं आणि म्हणाले, "गाडी खाली है." म्हणजे रिकामी आहे. पुन्हा सुपारीला लागले.

पुतण्या सतरा वर्षांचा आहे, बारावीला. पुढे शिकायचं नाही, पिकअप चालवायची, असं त्याने घरात जाहीर करून टाकलंय. घरात मास्तरीण एकच असल्यामुळे हा खटला माझ्याकडे आला. मी वीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते. मुलाने शाळा सोडू नये, हे सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. तरी त्या रात्री मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमचं मंद्रूप सोलापूरच्या दक्षिणेला, विजयपूरच्या रस्त्यावर. एका अंगाला सीना, दुसऱ्या अंगाला भीमा. दोघींचा संगम हत्तरसंग कुडलला होतो. तिथल्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, हे मी दरवर्षी नवीन वर्गाला न चुकता सांगते. भीमा ओलांडली की कर्नाटक. त्यामुळे गावात मराठी, कन्नड आणि आमची दखनी अशा तीन भाषा एकाच कट्ट्यावर बसतात.

आम्ही बागवान. अब्बा झाडावरचा माल बोलीने घ्यायचे. पेरू, बोरं, लिंबं उतरवून सोलापूरला विकायचे. त्याच धंद्यातून त्यांनी दोन एकर काळी जमीन घेतली. ते गेले तेव्हा भाईजान नववीत होते. त्यांनी दप्तर ठेवलं ते ठेवलंच. मी शिकत राहिले, बारावी, बीए, बीएड. फीच्या पावत्यांवर नाव माझं असायचं आणि पैसे त्यांचे. आजही आम्ही एकाच घरात दोन चुलींवर राहतो. मी त्यांची लहान बहीण, पण ते मला "मास्तरीणबाई" म्हणतात. त्यात थट्टा किती आणि अभिमान किती, हे मला कधी कळलं नाही.

२०१८ मध्ये त्यांनी जुनी बोलेरो पिकअप घेतली. कर्जाला जामीन मी. लांब बांध्याची गाडी, हौदाच नऊ फुटांचा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सव्वातीन मीटरच्या आसपास. त्या गोव्याच्या स्पर्धेत धावतात त्यांतल्या पुष्कळ जीप याहून खूप आखूड असतात. नव्या थारचं हेच अंतर २४५० मिलिमीटर, म्हणजे अडीच मीटरही नाही.

या गाड्यांच्या कंपनीचा एक इतिहास आहे. मी तो वाचला आणि भाईजानना सांगितला. १९४५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. दोघे महिंद्रा भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद हे भागीदार. पोलादाचा व्यापार होता. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. तिथे ते पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. भाईजाननी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक मोहम्मद गया. हम तो हैच ना." आणि गाडीखाली शिरले.

गाडीखाली त्यांचं बरंच काही चाललेलं असायचं. मागच्या कमानीत दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. मागचे टायर खोल नक्षीचे घेतले. इंजिनाखाली लोखंडी पत्रा बसवला, पुढे-मागे ओढायला जाड कड्या लावल्या. पण एक काम आधीच्या मालकाने करून ठेवलं होतं. हौद्याला मागून दीड फूट जोड देऊन तो लांबवला होता. दहा पोती जास्त बसायची. भाईजान त्यावर खूश होते.

२०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. मी पेपरचं कात्रण त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, अपघात झाला तर विमा हात वर करेल आणि जामीन मी आहे. आमचं भांडण झालं. आठ दिवस दोन चुलींमध्ये बोलणं नव्हतं. मग एके दिवशी गाडी घरी आली ती दीड फूट कमी होऊन. फेरीमागे दहा पोत्यांचं भाडं गेलं. मी गप्प राहिले. पावसाळ्यात ओढ्यातून चढ चढताना त्यांनी स्वतःच सांगितलं, "पहले पीछे का शेपूट घासता था. अब नहीं घासता." माफी मागायची त्यांची ही पद्धत.

आता पाणंदीबद्दल. शहरात वाढलेल्या वाचकांना हा शब्द कदाचित माहीत नसेल. गावरस्त्यावरून शेतांकडे जाणारी, दोन्हीकडे बांध असलेली वाट म्हणजे पाणंद. आमच्या शेतापर्यंतची पाणंद दीड किलोमीटरची, पूर्ण काळ्या मातीतली.

ही माती कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकातून झाली. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती साबणासारखी होते. रब्बीची ज्वारी आमच्याकडे पावसाशिवाय उभी राहते ती या मातीच्या ओलीवर. ज्वारीच्या मुळाशी जे पाणी ती महिनोन् महिने धरून ठेवते, तेच गाडीच्या चाकाखाली आलं की संपलं. एकदा चाक फिरलं की माती टायरला चिकटते, नक्षी भरते, मडगार्डपर्यंत थर येतो आणि टायर गुळगुळीत ढोल होऊन जातो. मग कितीही महाग टायर घ्या. खाली उतरून खुरप्याने माती काढायची, एवढाच उपाय.

रिकामी पिकअप तर फारच वाईट. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना आणि मागे वजन नाही. शिवाय मागच्या आसावरची रचना अशी की ज्या चाकाला पकड कमी, तेच गरगर फिरतं आणि दुसरं नुसतं उभं राहतं. म्हणून भाईजान रिकामं जाताना चार पोती माती आसावर टाकून नेतात. भरून येताना माल निम्माच घेतात. टायरची हवा निम्मी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि कमी रुततो. डांबरीला लागल्यावर पंक्चरवाल्याकडे पुन्हा भरतात. हे त्यांना कुणी शिकवलं नाही.

आणि चाकोरी. वीस वर्षं मी मुलांना ‘चाकोरीबाहेरचं जगणं’ यावर निबंध लिहायला लावले. चाकोरी म्हणजे चाकाने पडलेला चर, हे शब्दार्थ म्हणून मला माहीत होतं. पण ट्रॅक्टरच्या चाकांनी पाणंदीत दोन खोल चर पडतात, मध्ये मातीची वरंबी उभी राहते आणि लांब गाडी त्या चरात उतरली की तिचं पोट वरंबीवर टेकतं. चाकं हवेत फिरतात. आखूड जीप निसटून जाते, लांब पिकअप बसते. म्हणून एक चाक वरंबीवर आणि दुसरं बांधाच्या कडेवर ठेवून, चाकोरी सोडून चालवायचं. माझ्या वर्गातल्या एकाही निबंधात हे आलं नव्हतं.

आता ती रात्र. २०२० चा ऑक्टोबर. चौदा तारखेला सोलापूर जिल्ह्यात जो पाऊस झाला, तो इथल्या कुणी विसरलेलं नाही. शेतं तळी झाली. आमचा खरीप कांदा निम्म्याहून जास्त जागेवर सडला. पावसाआधी उपटून उंचवट्यावर ताडपत्रीखाली झाकलेली चाळीसेक पोती तेवढी वाचली. बाजारात कांदा नव्हता. सप्टेंबरात निर्यातबंदी झाली होती, तरी भाव चढलेले होते. त्या चाळीस पोत्यांवर गाडीचे थकलेले हप्ते अवलंबून होते आणि हप्त्यांवर माझी जामीनकी. कांदा भिजट हवेत रोज थोडा थोडा कोंबारत होता.

आठवडाभर थांबलो. वरून माती सुकल्यासारखी दिसायला लागली. कोरोनामुळे शाळा बंद होती. मी सकाळी मोबाइलवर शिकवायचे आणि निम्म्या मुलांच्या घरी मोबाइल नव्हता. मजूर मिळत नव्हते. गावातले ट्रॅक्टर ज्याच्या त्याच्या रानात गुंतलेले होते. शेवटी भाईजान, मी आणि तेव्हा बारा वर्षांचा हा पुतण्या, असे तिघेच गेलो. दोन गडी पोती भरून देऊन संध्याकाळी घरी गेले. वीस पोती घेतली, म्हणजे टनभर. गाडीची कागदावरची ताकद याहून जास्त. मगरिबची नमाज बांधावरच पढून निघालो.

आमच्या शेताच्या कोपऱ्याला पाणंद काटकोनात वळते. शेतात शिरायची वाट वळणाच्या पलीकडे, त्यामुळे जाता-येता ते वळण चुकत नाही. वळणाच्या आतल्या बाजूला आमचा बांध, बाहेरच्या बाजूला शेजारच्या अण्णांचं रान. अब्बांनी आमच्या बांधावर कागदी लिंबाची पाच झाडं लावलेली होती. हे वळण गाडीला नेहमी अडायचं. भाईजान दोन-तीनदा पुढे-मागे करून काढायचे आणि दर वेळी म्हणायचे, अण्णांनी बांध पुढे सारलाय. मीही तेच मानत होते. एकदा तर मी तहसीलदारांकडे अर्ज लिहून ठेवला होता. मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चा, त्याच्या कलम ५ खाली अडवलेली वाट मोकळी करून मागता येते. अर्ज कपाटात होता. द्यायचा राहिला होता.

त्या रात्री पुढची चाकं वळली. मागचं आतलं चाक आमच्या बांधावर चढलं, तिथून घसरलं आणि चरात गेलं. पोट टेकलं. गाडी तिरकी झाली. भाईजाननी इंजिन बंद केलं. बेडकांचा आवाज तेवढा होता.

दोन तास आम्ही तिघांनी मिळून माती उपसली. फावडं चिखलात बसतं, निघत नाही. निघालं तर माती फावड्यालाच चिकटून राहते. साडेदहाच्या सुमाराला समोरून बॅटरीचा उजेड आला. अण्णा. पासष्टी ओलांडलेला माणूस, धोतर वर खोचलेलं. ज्यांच्या विरोधातला अर्ज माझ्या कपाटात होता, तेच.

"काय ओ बागवान, किती वेळ झाला? आवाज ऐकतोय मगापासून."

ते परत गेले आणि तुराट्यांचा भारा घेऊन आले. मग उसाच्या पाचटाचा. तिसऱ्या फेरीला पुतण्या त्यांच्याबरोबर गेला. भाईजाननी बाभळीच्या काट्याने टायरची हवा काढली. पोती हलवून मागच्या आसावर रचली. चाकापुढे तुराट्या, त्यांवर पाचट, त्यावर रिकामी पोती. आता कुणीतरी गाडीत बसायला हवं होतं. भाईजानना बाहेर राहून चाकापुढे हात घालायचा होता. अण्णांना चालवता येत नव्हती. पुतण्याचा पाय क्लचला पुरत नव्हता.

"मास्तरीणबाई, बैठ."

माझ्याकडे मोटारीचं लायसन्स होतं, सोलापूरला शिकून काढलेलं. तेवढ्यावर एवढी मालगाडी चालवता येते, असा २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आहे, हे मला पाठ होतं. चिखलात गाडी कशी काढतात ते मात्र माहीत नव्हतं. मी बसले, बिस्मिल्ला म्हटलं आणि घाबरून रेस दिली. चाक किंचाळलं, पाचट मागे उडालं आणि सगळा चिखल अण्णांच्या अंगावर. गाडी चार बोटं आणखी खाली गेली.

मला वाटलं भाईजान ओरडतील. त्यांनी खिडकीपाशी येऊन, मी पहिलीच्या मुलाला समजावते त्या आवाजात सांगितलं, "चाक को डराया तो वो खड्डा खोदता. दूसरा गिअर डाल. हँडब्रेक दो दात उपर. क्लच धीरे छोड और फिर पाँव हिला मत. गाडी हिलेगी तो भी नक्को हिला. रुकेगी ऐसा लगेगा, तो भी नक्को." हँडब्रेक थोडा वर ओढला की रिकामं फिरणारं चाक आवरतं आणि थोडा जोर पकड असलेल्या चाकाकडे जातो. हे त्यांनी मला नंतर समजावलं. त्या वेळी मी नुसतं ऐकलं.

त्यांनी पुन्हा सगळं रचलं. मी पाय ठेवला. गाडी थरथरली, थांबल्यासारखी झाली. माझा पाय रेसवर दाबायला आतुर झाला होता. मी दाबला नाही. वर्गात मुलगा अडखळतो तेव्हा पुढचा शब्द आपण सांगून टाकावासा वाटतो, तसं झालं. पण थांबले. तुराट्या कडकडल्या आणि गाडी जणू स्वतःच्या मनाने वर आली. "रुक मत, रुक मत," भाईजान पळत म्हणत होते. मी ओढ्यापर्यंत गेले आणि मगच थांबले. हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते.

अण्णा चिखल पुसत हसत आले. जाता जाता त्यांनी लिंबाच्या झाडांकडे बॅटरी मारली आणि म्हणाले, "तुमचाच बांध खातोय गाडीला, बागवान." भाईजाननी ऐकलं नाही, किंवा ऐकलं नाही असं दाखवलं. मी ऐकलं.

पहाटे सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत वीस पोती उतरली. उरलेली दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने काढली. थकलेले हप्ते भरले.

चार महिन्यांनी, २०२१ च्या फेब्रुवारीत, आमच्याच सोलापूर-विजयपूर महामार्गाचं नाव देशभर गाजलं. २५.५४ किलोमीटरच्या एका पदराचं डांबरीकरण १८ तासांत पुरं झालं. विक्रम होता. भाईजाननी बातमी वाचली आणि आमच्या दीड किलोमीटरचा हिशोब करायला मला सांगितला. मी केला. साधारण एक तास. आम्ही खूप हसलो.

त्याच वर्षाच्या शेवटी मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना आली. अतिक्रमण निघालं तर रस्ता होईल, अशी चर्चा गावात सुरू झाली. मला वाटलं, आता अर्जाची वेळ आली. तरी अण्णांचं ते वाक्य डोक्यात होतं, म्हणून आधी गावनकाशाची नक्कल काढली. नकाशात पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात, ती सव्वाआठ फुटांची. गाडीवाट दोन तुटक रेषांनी, ती किमान साडेसोळा फुटांची. आमची पाणंद दोन रेषांची होती. मी टेप घेऊन वळणावर गेले. साडेदहा फूट भरली. सहा फूट गायब.

मोजणीचे पैसे मी भरले. खरं सांगते, अण्णांची चूक कागदावर आणण्यासाठीच भरले. मोजणीच्या दिवशी दोन्हीकडचे हद्दीचे दगड सापडले. अण्णांनी एक फूट घेतला होता. आम्ही पाच.

पाच फूट रुंद आणि दोनशे फूट लांब. हजार चौरस फूट. गुंठा १०८९ चा. म्हणजे जवळजवळ गुंठाभर वाट आमच्या शेतात होती आणि तिच्यावर अब्बांच्या हातची पाच लिंबं उभी होती.

माझे अब्बा बेईमान नव्हते. तराजूत ते नेहमी एक फळ वर टाकायचे. मग हे कसं झालं? मी पुष्कळ विचार केला. असं एका दिवसात होत नाही. दरवर्षी नांगराचं एक तास पुढे जातं. वीतभर. बैलगाडी त्या वळणावर आरामात वळायची, म्हणून कुणाला काही जाणवलं नाही, कदाचित त्यांनाही नाही. लांब गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, आतून कोपरा कापत जातं. गाडी जितकी लांब, तितका जास्त कोपरा. अब्बांनी खाल्लेला कोपरा त्यांच्याच मुलाच्या गाडीला नडला. आणि आम्ही दोन वर्षं शेजाऱ्याला बोल लावत राहिलो. मी तर शिकलेली, कलमांसकट.

वीतभर जमीन हक्काशिवाय घेणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचा तौक पडेल, ही हदीस आम्ही दोघांनी लहानपणापासून ऐकलेली. भाईजान दोन दिवस काही बोलले नाहीत. मी सुचवलं, झाडं राहू देत, मागून बघू. ते म्हणाले, "अब्बा के गले में हैं वो झाड. उतारने पडेंगे." शुक्रवारी फजरनंतर ते कुऱ्हाड घेऊन गेले. गड्याला हात लावू दिला नाही. आधी सगळी लिंबं उतरवून टोपलीत भरली, मग एकेक झाड तोडलं. टोपली अण्णांच्या घरी पाठवली. बांध ट्रॅक्टरने मागे घेतला. त्याच आठवड्यात अण्णांनी न सांगता आपला फूटभर बांध मागे घेतला. मी कपाटातला अर्ज फाडला.

पुढच्या एका वळणावरच्या माणसाने अजून घेतलेला नाही. निम्म्या पाणंदीवर मुरूम पडला, ओढ्यापलीकडे अजून काळीच आहे. पण यंदाच्या सप्टेंबरात पावसाने कहर केला तेव्हा पलीकडच्या चार वस्त्यांवरचं धान्य आणि शेरडं-वासरं पिकअपमधून त्याच वळणावरून बाहेर आली. कुठेही पुढे-मागे करावं लागलं नाही.

आता पुतण्याचा खटला. पाच वर्षांपूर्वीची मी असते तर त्याला सांगितलं असतं, ड्रायव्हर होऊन काय मिळणार? आता ते तोंडातून निघत नाही. त्या रात्री मला जे शिकवलं गेलं तो इल्मच होता, आणि शिकवणारा नववी नापाससुद्धा नव्हता, त्याने नववीची परीक्षाच दिली नव्हती. माझ्या फीसाठी. पण हेही खरं की नकाशा मला वाचता आला म्हणून पाच फूट सापडले, आणि कलम वाचता आलं म्हणून दीड फूट कापला गेला. भाईजाननाही हे माहीत आहे. म्हणूनच त्यांनी त्याला माझ्याकडे पाठवलं.

मी त्याला सांगितलं, बारावी पुरी कर. मग विजापूर रोडवरच्या आयटीआयला डिझेल मेकॅनिकला अर्ज करू. अठरा पूर्ण झाले की लायसन्स. त्यानंतर पाणंदीत तुझ्या शेजारी मी बसते. त्याने बापाकडे बघितलं. भाईजान म्हणाले, "और पहले पोती भरना सीख. खाली गाडी कोई भी चलाता."

परवा पहिला कांदा निघाला. तिघे गेलो होतो. येताना वळणावर गाडी एका दमात वळली, तरी भाईजाननी पुढे जाऊन ती थांबवली. खाली उतरले. लिंबं होती तिथे आता नुसती वाट आहे, चाकांच्या खुणांची. ते तिथे जरा उभे राहिले, ओठ हलत होते. फातिहा पढत असावेत. मग खुरपं घेऊन मागच्या चाकाची माती काढायला बसले. पुतण्या दुसऱ्या चाकाकडे गेला.